फिरवलेली पाठ

नमस्कार. बसायला जागा मिळाली ना सगळ्यांना? मागे भिंतीला टेकून जे उभे आहेत, त्यांनी इथे पुढे सतरंजीवर यायला हरकत नाही. कुणी येणार नाही, मला माहीत आहे. पुढे बसलं की मध्येच उठून जाता येत नाही. (हशा) बघा, आजचा विषय सुरूसुद्धा झाला.

आपल्या सगळ्यांच्या घरात एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. ‘मी काही बोलले का?’ जेवताना कुणीतरी ताट जरा जास्तच जोरात ठेवलेलं असतं. भाजी वाढणारा हात एका पानापाशी किंचित थांबून पुढे गेलेला असतो. आणि मग वाद झाला की हे वाक्य येतं. खरंच, बोललेलं काहीच नसतं. ज्याला लागायचं त्याला मात्र लागलेलं असतं. त्यानं तक्रार केली तर तोच हलका ठरतो, कारण तक्रार कशाची करणार? ताटाच्या आवाजाची?

देहबोलीवर हल्ली पुष्कळ पुस्तकं निघतात, वर्ग चालतात. हाताची घडी घातली म्हणजे मन बंद, नाकाला हात लावला म्हणजे माणूस खोटं बोलतोय, वगैरे. त्यांचा सगळ्यांचा एक समज असतो, की जीभ फसवते, शरीर फसवत नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. जुनी दप्तरं, पत्रं वाचताना मला थोडं वेगळं दिसत गेलं. माणसं शरीरानं बोलतात ती पुष्कळदा एवढ्यासाठीच, की ते बोलणं नंतर नाकबूल करता येतं. शब्द एकदा सुटला की साक्षीदार असतात. वाकलेली किंवा न वाकलेली मान, फिरवलेली पाठ, लांबून टाकलेला कागद यांना साक्षीदार असूनही नसल्यासारखेच असतात. प्रत्येकजण वेगळं सांगतो.

आज मी मुख्यतः एका पाठीची गोष्ट सांगणार आहे. ती १९११ साली दिल्लीत फिरली. पण तिच्याकडे जाण्याआधी थोडं मागे जावं लागेल, कारण नियम असल्याशिवाय नियमभंग दिसत नाही. आपण आज रस्त्यात एकमेकांकडे पाठ करून दिवसभर चालतो, कुणाचा अपमान होत नाही.

नियम किती गंभीरपणे घेतले जायचे, याचं आपल्या इथलंच एक उदाहरण देते. साल १७७९. जानेवारीत वडगावला मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला शरण आणलं, म्हणजे पुणे आणि मुंबई यांच्यात उघड युद्ध चालू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या कंपनी सरकारच्या कौन्सिलनं एक ठराव केला. विषय काय? नमस्कार. मुंबईतल्या सोनार मंडळींनी ‘नमस्कार’ ही अभिवादनाची रीत वापरू नये. ब्राह्मणांचं म्हणणं होतं की हा त्यांचा अधिकार नाही, त्यावरून सारखे तंटे होत होते, आणि पेशव्यांकडून मुंबईच्या प्रेसिडेंटला याबद्दल पुनःपुन्हा पत्रं गेली होती. पेशवे म्हणजे तेव्हा पाच वर्षांचे सवाई माधवराव, तेव्हा पत्रं कुणी लिहवून घेतली असतील ते तुम्हीच ओळखा. आज आपण दिवसातून पन्नास वेळा करतो, मी आत्ता आल्या आल्या केला, तो नमस्कार. दोन हात जोडायचे आणि एक शब्द उच्चारायचा, यावर दोन सरकारं लढाई चालू असताना एकमेकांशी पत्रव्यवहार करत होती. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जातींवरच्या आपल्या ग्रंथात हा ठराव दिलेला आहे, म्हणून तो अभ्यासकांना माहीत आहे. पण तो वाचला की माझ्या मनात पहिला विचार येतो तो त्या तंट्यांचा. म्हणजे कोणीतरी रस्त्यात, बाजारात हात जोडले असणार आणि समोरच्यानं ते बघून म्हटलं असणार, तू? मला?

मुघल दरबारात तर याचं व्याकरणच लिहून ठेवलेलं होतं. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’मध्ये दरबारी अभिवादनाचे प्रकार नोंदवलेत. ‘कुर्निश’ म्हणजे उजव्या हाताचा तळवा कपाळावर ठेवून मान खाली. ‘तस्लीम’ म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला लावायची, मग हात हळूहळू वर आणत सरळ उभं राहायचं आणि तळवा डोक्यावर ठेवायचा. अर्थही दिलाय. आपलं डोकं हातावर ठेवून मी हजर केलं आहे, असा. मराठीत आपण कुर्निसात म्हणतो तो याच घरातला. लक्षात घ्या, इथे शरीर आपोआप काही सांगत नाहीये. ते पाठ केलेलं बोलतंय.

या व्याकरणातून सूटही मागता यायची. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६च्या जानेवारीत अजमेरला जहांगीरपुढे गेला. त्यानं आधीच विचारून ठेवलं, की मी माझ्या देशाच्या रीतीप्रमाणे वंदन केलं तर चालेल ना? परवानगी मिळाली. मग तो कठड्याकठड्याला थांबून आपल्या पद्धतीनं वाकत पुढे गेला. रो हुशार. त्यानं आधी बोलून घेतलं, म्हणून त्याच्या शरीराला काही बोलावं लागलं नाही.

आग्र्याला १२ मे १६६६ रोजी जे झालं, ते नेमकं याच्या उलट. हा प्रसंग तुम्हा सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, म्हणून मी तो नाट्यमय करून सांगणार नाही. फक्त हालचाली बघू. जयपूरच्या दप्तरात त्या काळची राजस्थानी पत्रं सापडली, जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी ती प्रसिद्ध केली. आग्र्यात हजर असलेल्या माणसांनी आपल्या धन्याला रोजच्या रोज काय घडलं ते कळवलेलं. त्यामुळे आपल्याकडे हालचालींची बऱ्यापैकी बारीक नोंद आहे.

औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. शिवाजी महाराज आले, नजर पेश झाली, त्यांनी वंदन केलं. बादशहा त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. त्यांना मागे नेऊन पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. समोर कोण होतं, तर जोधपूरचे जसवंतसिंह. बखरींच्या परंपरेत महाराजांच्या तोंडी असा संताप आहे, की ज्याची पाठ आमच्या सैन्यानं रणात पाहिली त्याच्या मागे आम्ही उभं राहायचं? बखरीतला शब्दन् शब्द इतिहास म्हणून घेऊ नये, पण तिथेही मुद्दा पाठीचाच आहे, हे मला फार बोलकं वाटतं. दरबारात उभं असताना तुम्हाला दिवसभर कोणाची तरी पाठ दिसत असते. कोणाची दिसते, त्यावर तुमची किंमत ठरते.

मग खिलती वाटल्या गेल्या. शहजाद्याला, वजिराला, जसवंतसिंहांना मिळाल्या. महाराजांना नाही. पत्रांत लिहिलंय की त्यांचे डोळे रागानं भरून आले. बादशहाच्या ते लक्षात आलं, त्यानं कुमार रामसिंहाला विचारायला पाठवलं. महाराजांनी रामसिंहाला जे सुनवायचं ते सुनवलं, मनसब नको म्हणून सांगितलं, आणि सिंहासनाकडे पाठ करून चालू लागले. रामसिंहानं हात धरला, तो झटकून टाकला आणि बाजूला जाऊन बसले. दरबारात बसले! जिथे उभं राहणं हाच मान आणि बसणं हा गुन्हा, तिथे.

आता पुढची गोष्ट बघा, ती शाळेत कमी सांगतात. जदुनाथांनी दिलेल्या हकीकतीत रामसिंह बादशहाला सांगतो, की हा रानातला वाघ आहे, इथला उकाडा सहन न होऊन त्याची तब्येत बिघडली, आणि दख्खनच्या माणसाला दरबारची रीत माहीत नाही. म्हणजे त्यानं त्या हालचालीला दुसरा अर्थ देऊ केला. ही पाठ रागानं फिरलेली नाही, उकाड्यानं फिरली आहे. बादशहानं गुलाबपाणी शिंपडून मुक्कामावर न्यायला सांगितलं. त्याला खरं कळलं नसेल? अर्थातच कळलं होतं. पण भर दरबारात ‘मला कळलं’ असं म्हणणंही त्याला सोयीचं नव्हतं. उकाडा दोघांच्या सोयीचा होता. नंतर पहारे बसले, ते वेगळं.

हा उकाडा लक्षात ठेवा. दिल्लीत तो पुन्हा भेटणार आहे, डिसेंबरच्या थंडीत.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी हे दरबारी व्याकरण मोडलं नाही. उचललं, आणि त्याला छापील पुस्तकाचं रूप दिलं. कोणत्या संस्थानिकाला किती तोफा, व्हाइसरॉयनं कोणाला घ्यायला गालिच्याच्या कडेपर्यंत यायचं, अत्तर-पान कोणाच्या हातून द्यायचं, सगळं ठरलेलं. चुकलात तर शिक्षाही मोजून. १८७० साली अजमेरला लॉर्ड मेयोचा दरबार झाला. तिथे जोधपूरचे तख्तसिंह उदयपूरच्या खालच्या जागी बसायला तयार झाले नाहीत. त्यांच्या सतरा तोफांच्या पंधरा झाल्या. एका खुर्चीच्या दोन तोफा.

सामान्य माणसाच्या वाट्याला तोफा नव्हत्या, पायतणं होती. आपल्याकडे मोठ्यांपुढे जाताना वहाणा बाहेर काढायच्या. साहेबाच्या रीतीत डोक्यावरची हॅट काढायची आणि बूट पायातच. मग साहेबाच्या कचेरीत हिंदी माणसानं काय करायचं? साहेबांचं उत्तर सोपं होतं. तुम्ही तुमच्या रीतीनं मान द्या, म्हणजे जोडे बाहेर. आम्ही आमच्या रीतीनं बसतो. १८५४ साली गव्हर्नर जनरलनं एक सवलत दिली, की जे एतद्देशीय गृहस्थ विलायती पद्धतीचे बूट-मोजे घालतात त्यांनी ते घालूनच सरकारी समारंभांना यावं. देशी जोडा असेल तर मात्र बाहेरच. पुढे १८६२ मध्ये सुरतेच्या कोर्टात एक पारशी गृहस्थ बूट घालून आत जायला लागले, त्यांना आत येऊ दिलं नाही. वर्तमानपत्रांत यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. आज हसू येतं. पण विचार करा, कोर्टाच्या पायरीवर रोज येणाऱ्या कारकुनाला, अशिलाला आत काय होणार याची पहिली सूचना पायांनाच मिळत होती. न्यायाधीशानं तोंड उघडायच्या आधी.

अशा जगात १८७५ साली एक बारा वर्षांचा मुलगा येऊन पडला. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे, तिथला गोपाळ. शेतकऱ्याच्या घरातला, गायकवाड घराण्याच्या लांबच्या शाखेतला. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी गादीवरून काढलं होतं. रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप, चौकशी, सगळं प्रकरण फार गाजलेलं. मग महाराणी जमनाबाईंनी या मुलाला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. या मुलाला अक्षरओळखीपासून सगळं शिकवावं लागलं. एफ. ए. एच. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले होते. आपण शिक्षण म्हटलं की पुस्तकं आठवतो. पण राजाला बसायला, उठायला, हात द्यायला, मान किती झुकवायची ते मोजायला, सगळंच शिकावं लागतं. कवळाण्याच्या शेतातून आलेल्या शरीराला हे नव्यानं शिकावं लागलं. १८७७च्या दिल्ली दरबारात, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला कैसर-इ-हिंद जाहीर केलं तेव्हा, हा मुलगा हजर होता आणि त्याला सरकारचा खास पुत्र अशा अर्थाचा फारसी किताबही मिळाला. हे मी मुद्दाम सांगते आहे. सयाजीरावांना दरबार नवीन नव्हता.

आणि ते साधे राजे नव्हते, हेही माहीत असायला हवं. १९०६ मध्ये त्यांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. राजांनी परदेशी जाण्यासाठी परवानगी घ्यावी असं कर्झननं फर्मावलं, तेव्हापासून सयाजीराव आणि सरकार यांच्यात खटके उडत होते. १९११ पर्यंत गुप्त पोलिसांच्या आणि रेसिडेंटच्या कागदांत त्यांच्याविषयी संशय भरपूर साठला होता. थोडक्यात, दिल्लीत ते वाकले तेव्हा त्यांना बघणारे डोळे कोरे नव्हते.

तारीख १२ डिसेंबर १९११. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी स्वतः आलेले. बंगालची फाळणी रद्द आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला, या दोन्ही घोषणा त्याच दिवशीच्या. शामियान्यात राजेलोकांनी एकेक करून पुढे यायचं, वंदन करायचं आणि बादशहाकडे तोंड ठेवून मागे पावलं टाकत सरायचं. पहिले निजाम, मीर उस्मान अली खान. तेही नवेच, ऑगस्टमध्ये गादीवर आलेले, पंचविशीचे. दुसरे गायकवाड.

सयाजीराव आले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, अंगावर दागिने जवळजवळ नाहीत, हातात छडी. बाकीचे राजे हिऱ्या-पाचूंनी मढलेले. ते पुढे आले, एकदा वाकले, दोन-चार पावलं मागे सरले आणि वळून चालत निघाले. पाठ बादशहाकडे. संपलं. एवढंच घडलं. मी हे सांगायला जेवढा वेळ घेतला, त्याहून कमी वेळात.

पण हे १६६६ नव्हतं. तिथे कॅमेरे होते. बऱ्याच कंपन्यांनी दरबाराचं चित्रण केलं होतं, आणि काही आठवड्यांतच लंडनच्या थिएटरांत लोक ते बघायला गर्दी करत होते. वर्तमानपत्रांनी आधीच ओरड केली होती, त्यामुळे प्रेक्षक मुद्दाम गायकवाड कुठे येतात ते बघायला बसायचे. त्या वाकण्याची थट्टा तिथे रस्त्यारस्त्यावर चालली. एका माणसाच्या पाठीसाठी तिकीट काढून लोक सिनेमाला गेले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. ती फिल्म आज उपलब्ध आहे, घरी गेल्यावर शोधा. काळी-पांढरी, लांबून घेतलेली, अंगठ्याएवढी माणसं. पांढऱ्या कपड्यातली एक आकृती येते, वाकते, वळते, जाते. मी ती किती वेळा पाहिली असेल सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मला काहीतरी वेगळं दिसतं. एकदा वाटतं, केवढा ताठा! पुढच्या वेळी वाटतं, गोंधळलाय हो, बाहेर जायची वाट कुठली ते बघतोय.

आणि सयाजीराव स्वतः काय म्हणाले? त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना खुलाशाचं पत्र लिहिलं, ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आलं. त्यातला आशय असा, की एवढ्या भव्य समुदायापुढे, बादशहांच्या समोर मी बावरलो. माझ्या आधी फक्त निजाम गेले होते, त्यांनी काय केलं ते मी नीट पाहिलं नव्हतं. वळताना कुठून जायचं याचा गोंधळ झाला. अनादर करण्याचा विचारही मनात नव्हता.

आला ना तोच उकाडा? फक्त आता तो रामसिंहाच्या तोंडून नाही, स्वतःच्या सहीनं आला. आग्र्याला मधल्या माणसानं अर्थ बदलून दिला, ज्याची पाठ होती त्याला खोटं बोलावं लागलं नाही. दिल्लीत मधला माणूस कोणी नव्हता. वर्तमानपत्र आणि कॅमेरा असताना तो असूही शकत नव्हता.

इथे मला नेहमी विचारतात, मग खरं काय? मुद्दाम केलं की चुकून? आपल्याकडे बहुतेकांना ते मुद्दाम केलेलं हवं असतं, मलाही हवं असतं, खोटं कशाला बोलू. पण पुरावा दोन्हीकडे ओढतो. दागिने काढून येणं हे गोंधळात होत नाही, तो विचार करून केलेला पोशाख आहे. छडी तशीच. उलट बाजूला, ज्याच्या आधीच्या राजाला गादीवरून उचलून नेलं, ज्याच्या स्वतःच्या गादीचा उगमच त्या घटनेत आहे, तो माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आपल्या शाळा-ग्रंथालयांचा सगळा डाव चार पावलांवर लावेल का? मला वाटतं, पोशाख ठरवून होता, आणि वळणं हे त्या क्षणाचं होतं. न वाकण्याची तयारी असलेलं शरीर नियमातलं शेवटचं पाऊल विसरलं. हे माझं मत झालं. इंग्रजांना मात्र मताची गरज पडली नाही. त्यांच्याजवळ आधीचे कागद होते, आणि त्या कागदांनी ती पाठ वाचली. तीच चार पावलं एखाद्या निरुपद्रवी, लाडक्या राजानं टाकली असती, तर ‘बिचारा घाबरला’ म्हणून चहाच्या वेळी हसले असते.

सयाजीरावांची गादी राहिली. पत्रानं काम केलं. नाकबूल करता येणाऱ्या भाषेचा हा फायदा, तो दुबळ्या बाजूला मिळतो. दागिने न घालणं हे भाषण असतं तर मागे घेता आलं नसतं.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण या भाषेचा फायदा दुसऱ्या बाजूलाही मिळतो, आणि ते बघायला बडोद्यालाच जावं लागतं, सहाच वर्षांनी.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण अमेरिकेला गेला. करार असा, की परत आल्यावर बडोद्याची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, आणि १९१७ मध्ये ते बडोद्यात हजर झाले. शरीराच्या या भाषेशी त्यांची ओळख लहानपणापासूनची. शाळेत त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं, आणि पाणी प्यायचं तर शिपायानं वरून ओतायचं. शिपाई नाही तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आता ते परदेशातून शिकून आलेले अधिकारी होते. चरित्रकार धनंजय कीर सांगतात, की बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. हातातून हातात द्यायचे नाहीत.

थोडा वेळ त्या कचेरीत बसा. शिपाई काही बोलत नाही. शिवी नाही, नकार नाही, काम अडवलेलं नाही. फाइल टेबलावर आलेली आहे. फक्त ती हवेतून आलेली आहे. आता याची तक्रार कशी लिहिणार? ‘फाइल फेकली.’ ‘साहेब, फेकली नाही, घाईत ठेवली.’ ‘लांबून ठेवली.’ ‘टेबल मोठं आहे साहेब.’ तोच उकाडा, तोच गोंधळ, पण आता तो फेकणाऱ्याच्या मदतीला आलाय. दिल्लीत एका राजाला चार पावलांसाठी जगापुढे खुलासा द्यावा लागला. इथे दिवसातून कितीतरी वेळा हात मागे घेतला जात होता, आणि खुलासा कोणी मागत नव्हतं.

राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी सराईत नाव लपवून राहिले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तिथे आला. तेव्हा मात्र भाषा तोंडी झाली, संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून. मित्रांकडे विचारून झालं, कोणाच्या घरी सोय झाली नाही. महाराजांच्या कानावर गोष्ट गेली होती, त्यांनी ती दिवाणांकडे सोपवली, दिवाणांना काही करता आलं नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचे तास त्यांनी बडोद्याच्या कामाठी बागेत बसून काढले, आणि नोकरी सोडून मुंबईला परतले. सयाजीराव १९१८ मध्ये मुंबईला अस्पृश्यता निवारणाच्या परिषदेचे अध्यक्ष होते, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कायदे करणारा राजा होता तो. पण शाळा सक्तीची करणारा हुकूम काढता येतो, फाइल हातात द्या असा हुकूम कोणत्या कलमाखाली काढायचा?

सुरुवातीला मी सोनारांच्या नमस्काराबद्दल बोलले, त्याच्याशी हे ताडून बघा. १७७९ मध्ये हात कोणी जोडायचे हे सरकार ठरावानं लिहून देत होतं. वाईट ठराव होता, पण लिहिलेला होता, म्हणून आज आपण त्यावर बोट ठेवू शकतो. बडोद्याच्या कचेरीतला नियम कुठेच लिहिलेला नव्हता. तो सगळ्यांच्या मनगटात होता.

दिल्लीच्या त्या चार पावलांची फिल्म लंडनच्या संग्रहात जपून ठेवली आहे. कचेरीतल्या फायलींची फिल्म नाही. ती गोष्ट आपल्यापर्यंत आली ती ज्याच्या टेबलावर त्या पडत होत्या त्यानं ती विसरून जायला नकार दिला म्हणून. कामाठी बाग अजून आहे, स्टेशनपासून फार लांब नाही. बडोद्याला गेलात तर जाऊन या. मी गेले होते तेव्हा बाकांवर कॉलेजची मुलं बसलेली होती, आणि एक शेंगावाला पुडी हातात देत होता, प्रत्येकाच्या हातात.

वेळ झाली. काही विचारायचं असेल तर विचारा. त्या काकांनी मघापासून हात अर्धा वर केलाय, तो प्रश्नासाठी आहे की पंख्यासाठी, ते त्यांनीच सांगावं.